शिक्का, सही आणि राजपत्र : व्याप्त पोलंडमधील एक राजवट

प्रशासनाविषयी लिहिताना आपण बहुधा त्याच्या दिरंगाईची चर्चा करतो. नस्ती हलत नाही, परिपत्रक पोचत नाही, अंमलबजावणी होत नाही, या आपल्या नेहमीच्या तक्रारी; आणि त्या रास्तही आहेत. मात्र यंत्रणा हलली की लोकांचे भले होतेच, असे एक गृहीत त्यांच्या मुळाशी असते. हे गृहीत तपासून पाहायचे झाल्यास दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने जिंकलेल्या पोलंडमध्ये उभारलेल्या ‘जनरल गव्हर्नमेंट’ या राजवटीइतके उद्बोधक उदाहरण मला दुसरे आढळले नाही.

1 सप्टेंबर 1939 रोजी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले; 17 सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत सैन्य आत शिरले. पश्चिमेचा मोठा भाग जर्मनीने थेट स्वतःच्या राज्यात विलीन केला, पूर्वेचा भाग सोव्हिएत संघाकडे गेला. (कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे 1943 ते 1948 या काळात राहिलेले पोलिश निर्वासित बहुतांशी या पूर्व भागातून हद्दपार झालेले होते.) मध्ये उरलेल्या, सुमारे सव्वा कोटी वस्तीच्या प्रदेशासाठी हिटलरच्या 12 ऑक्टोबर 1939 च्या आदेशाने स्वतंत्र राजवट स्थापन झाली आणि 26 ऑक्टोबरपासून तिचा कारभार सुरू झाला.

गव्हर्नर जनरल म्हणून नेमलेला हान्स फ्रांक हा पेशाने वकील. हिटलरची न्यायालयीन प्रकरणे त्याने चालवली होती आणि जर्मन कायद्याची एक अकादमीही स्थापन केली होती. त्याने राजधानी वॉर्सा येथे न ठेवता क्राकूफ येथे नेली आणि पोलिश राजांच्या वावेल किल्ल्यात आपले ठाणे मांडले. क्राकूफ, वॉर्सा, रादोम आणि लुब्लिन असे चार विभाग पाडले. 1941 मध्ये गॅलिशिया हा पाचवा विभाग जोडला. विभागाखाली जिल्हे आणि प्रत्येक जिल्ह्यावर एक जर्मन प्रमुख. त्याच्या हाताखाली गावपाटील, नगरपालिकांचे कारकून, निळ्या गणवेशातील पोलीस आणि रेल्वेचे बहुसंख्य कामगार मात्र पोलिशच होते. स्वतंत्र नोटा काढणारी बँक होती, पोलिश लोकांचे दिवाणी दावे ऐकणारी न्यायालये होती आणि नियमितपणे निघणारे राजपत्रही होते. हा आराखडा पाहून कोणाही भारतीय अधिकाऱ्याला ओळखीचे वाटावे.

त्या राजपत्रात काय छापले जात होते, हे पाहू लागले की ती ओळख संपते. 26 ऑक्टोबर 1939 रोजी, म्हणजे कारभाराच्या पहिल्याच दिवशी, पोलिश लोकांवर कामाची सक्ती आणि ज्यूंवर वेठबिगार लादणारे हुकूम निघाले. 23 नोव्हेंबरच्या हुकुमाने दहा वर्षांवरील प्रत्येक ज्यूला बाहीवर चांदणीची पट्टी बांधणे सक्तीचे झाले. 15 ऑक्टोबर 1941 च्या हुकुमाने परवानगीवाचून घेट्टोबाहेर पडणाऱ्या ज्यूला आणि त्याला आसरा देणाऱ्यालाही मृत्युदंड ठरला. या प्रत्येक हुकुमावर दिनांक होता, सही होती, अंमल कधीपासून हेही नमूद होते. विद्यापीठे आणि माध्यमिक शाळा बंद करण्यात आल्या. 6 नोव्हेंबर 1939 रोजी क्राकूफ येथील प्राध्यापकांना सभेच्या निमित्ताने बोलावून 183 जणांना अटक झाली. शिधावाटपातही वंशानुसार पायऱ्या होत्या. जर्मनांना भरपेट, पोलिशांना अपुरा आणि ज्यूंना ज्यावर माणूस जगूच शकत नाही इतका शिधा ठरलेला असे.

20 जानेवारी 1942 च्या वान्से येथील बैठकीला फ्रांकचा सचिव योसेफ ब्यूलर उपस्थित होता. ज्यूंच्या संहाराचा आरंभ आमच्या प्रदेशापासून करावा, येथे वाहतुकीची फारशी अडचण नाही आणि यातील बहुतेक लोक कामास अक्षम आहेत, अशी मागणी त्याने केल्याचे इतिवृत्तात नोंदले आहे. एखाद्या विभागाने आपल्या निकडीचे प्रकरण अग्रक्रमाने घ्यावे म्हणून केलेल्या विनंतीचीच ही भाषा आहे. मला ती कोणत्याही द्वेषपूर्ण भाषणापेक्षा अधिक भयंकर वाटते.

ही यंत्रणा एकसंध होती असे मात्र नव्हे. एस.एस. आणि पोलीसदलाचा प्रमुख क्रूगर याच्याशी फ्रांकचा अधिकारक्षेत्रावरून सतत संघर्ष चाले. 1942 च्या उन्हाळ्यात फ्रांकने जर्मन विद्यापीठांतून कायद्याच्या राज्याची महती सांगणारी भाषणे केली, तेव्हा हिटलरने त्याची पक्षातील पदे काढून घेतली. पण त्याच उन्हाळ्यात वॉर्सा येथून त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे गाड्या भरून जात होत्या. फ्रांकला कायदा हवा होता तो जर्मनांपुरता. ज्यांच्यावर तो राज्य करत होता ते त्याच्या कायद्याच्या कक्षेत केवळ शिक्षेपुरते येत.

या राजवटीच्या दोन दैनंदिनी उपलब्ध आहेत. एक फ्रांकची, सुमारे चाळीस खंडांची. 1945 मध्ये अटक होताना त्याने ती स्वतःच अमेरिकनांच्या हाती दिली आणि न्यूरेंबर्ग येथे ती त्याच्याविरुद्धच पुरावा ठरली. दुसरी वॉर्सा घेट्टोतील ज्यू मंडळाचा अध्यक्ष आडाम चेर्न्याकूफ याची. हा अभियंता रोज जर्मन कार्यालयांत खेपा घालून धान्यासाठी, कोळशासाठी, कैद्यांच्या सुटकेसाठी अर्जविनंत्या करत असे. जुलै 1942 मध्ये हद्दपारीच्या अफवा पसरल्या, तेव्हा तो एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात विचारत फिरला. अफवा निराधार असल्याचे त्याला सांगण्यात आले. 22 जुलैला हद्दपारी सुरू झाली. 23 जुलैला त्याने विष घेतले.

फ्रांक 1946 मध्ये, वॉर्सा विभागाचा गव्हर्नर फिशर 1947 मध्ये आणि ब्यूलर 1948 मध्ये फाशी गेला. जिल्हाप्रमुखांपैकी अनेक जण मात्र युद्धानंतर पश्चिम जर्मनीत सामान्य नोकरी-व्यवसायात रुजू झाले.

कोणत्याही आदेशाबाबत आपण तीन प्रश्न विचारतो : अधिकार कोणाचा, कार्यपद्धती पाळली का, नोंद आहे का. क्राकूफच्या कार्यालयात या तिन्हींची उत्तरे तयार होती. ज्याच्यावर आदेश लागू होतो त्याला दाद मागायला जागा आहे काय, हा चौथा प्रश्न तेथे कोणी विचारत नव्हते. चेर्न्याकूफचे अर्ज स्वीकारले जात होते, त्याला भेटीची वेळही मिळत होती. पण त्याला उत्तर देण्यास बांधलेला असा एकही अधिकारी त्या साऱ्या इमारतींत नव्हता. म्हणून सही करण्यापूर्वी हा चौथा प्रश्न मी स्वतःस विचारतो, आणि तरुण अधिकाऱ्यांनीही तो विचारावा असे मला वाटते.