शाळेपासून धंद्यापर्यंत

अंधांच्या शिक्षणाचा इतिहास सांगतांना लुई ब्रेलच्या सहा टिंबांपाशीं येऊन थांबण्याचा प्रघात आहे. पॅरिसच्या ज्या अंधशाळेंत त्यानें आपली लिपि सिद्ध करून १८२९ सालीं प्रसिद्ध केली, त्याच शाळेंत त्याच काळीं आणखी एक अंध तरुण निराळ्या प्रश्नाशीं झगडत होता. शिकून बाहेर पडल्यावर अंधानें पोट कशावर भरावें, हा तो प्रश्न होय.

शाळेचा संस्थापक व्हालांतँ आउई ह्यास हा प्रश्न सुचला नव्हता असें नाहीं. त्यानें १७८४ सालीं अध्यापनास आरंभ केला, आणि पुढें त्याच्या शाळेंत वाचनाच्या जोडीला सूतकताई, विणकाम व छपाई हीं कामेंहि आलीं. १७८६ सालचें त्याचें पुस्तक अंध मुलांनींच छापलें. परंतु मुलांनीं काय शिकावें हें ठरवीत ते डोळस गुरुजन.

क्लोद मोंताल ह्यानें आपला धंदा स्वतः शोधला. १८०० सालीं जन्मलेल्या ह्या विद्यार्थ्यानें ओळखलें कीं, पियानोच्या तारा सुरांत लावणें हें काम सर्वस्वी कानाचें व बोटांचें आहे. एका सोबत्यासह तो शाळेच्या वाद्यांवर हात चालवूं लागला. पियानो लावावयास येणाऱ्या कारागिरानें तक्रार केली व मनाई झाली. मग दोघांनीं एक जुना पियानो मिळवून तो सगळा उलगडला आणि पुन्हा जुळविला. तें पाहून शाळेनें आपल्या वाद्यांची निगा त्यांच्याकडेच सोंपविली.

१८३० सालीं मोंताल शाळेबाहेर पडला. हातीं कसब होतें. पण अंधाच्या हातीं मोलाचें वाद्य देण्यास लोक धजेनात. अखेर तेथील संगीत-विद्यालयाच्या एका प्राध्यापकानें त्याचें काम पारखलें आणि शब्द टाकला, तेव्हां कोठें गिऱ्हाइकें मिळूं लागलीं. १८३६ सालीं त्यानें आपल्या कलेवर ग्रंथ लिहिला; पुढें स्वतः पियानोहि बनविले. १८६५ सालीं तो वारला. १८७२ सालीं लंडन येथें निघालेल्या अंधांच्या विद्यालयांतहि पियानो लावणें हा शिक्षणाचा एक भाग होता.

ह्या यशालाहि दुसरी बाजू आहे. एका मुलानें स्वतः निवडलेली वाट पुढें इतर अंध मुलांसाठीं आंखून दिलेली वाट झाली. आम्हांस वाटतें, मोंतालचें अनुकरण म्हणजे त्याचा धंदा शिकविणें नव्हे. त्याच्यासारखी निवड करूं देणें होय.

आपल्या देशांतील २०१६ च्या कायद्यानें दिव्यांगांच्या व्यवसायशिक्षणाचें कर्तव्य सरकारवर टाकलें आहे. तें योग्यच झालें. परंतु प्रशिक्षणाचें प्रमाणपत्र घेऊन आलेल्या मुलाच्या हातीं आपलें मोलाचें काम देण्याचें कर्तव्य कोणताहि कायदा पार पाडूं शकत नाहीं. तें तुम्हां-आम्हांसच करावें लागेल.