मॅनेजर डिक्शनरीतील नेस्टेड डेटा (पायथन)

पायथनच्या मल्टिप्रोसेसिंग मॉड्यूलमध्ये अनेक प्रोसेसना मिळून वापरता येणारी डिक्शनरी मॅनेजरकडून मिळते. तिच्यात साधी लिस्ट किंवा दुसरी डिक्शनरी ठेवली, तर त्या आतल्या वस्तूत केलेला बदल मूळ जागी पोचत नाही. एररही येत नाही. प्रोग्राम सुरळीत संपतो आणि उत्तर चुकीचे निघते, म्हणून हा दोष सापडायला फार वेळ लागतो.

हे मॉड्यूल २००८ मध्ये पायथन २.६ बरोबर आले. प्रत्येक प्रोसेसची मेमरी वेगळी असल्याने खरी डिक्शनरी मॅनेजरच्या सर्व्हर प्रोसेसमध्ये राहते. बाकीच्यांकडे फक्त तिची प्रॉक्सी असते. प्रॉक्सीवरची प्रत्येक मागणी पिकल होऊन (म्हणजे बाइट्समध्ये रूपांतरित होऊन) सर्व्हरकडे जाते आणि उत्तरही तसेच परत येते.

समजा, साठा ही अशी मॅनेजर डिक्शनरी आहे, साठा['पुणे'] मध्ये रिकामी लिस्ट आहे आणि एका वर्करने (म्हणजे काम करणाऱ्या प्रोसेसने) साठा['पुणे'].अपेंड(५) ही ओळ चालवली. ओळ एक, पण कामे दोन. आधी साठा['पुणे'] मुळे लिस्टची प्रत वर्करकडे येते. मग अपेंड त्या प्रतीवर चालते. प्रतीला नाव दिलेले नसल्याने ती लगेच नष्ट होते आणि सर्व्हरला काही कळतच नाही. सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर खाडाखोड करून तलाठ्याच्या दप्तरातली नोंद बदलत नाही, तसेच हे.

प्रत यादी नावाच्या व्हेरिएबलमध्ये घ्यायची, बदलायची आणि साठा['पुणे'] = यादी असे लिहून परत ठेवायची, हा सर्वांत जुना उपाय. तो अर्धवट आहे. दोन वर्करनी एकाच वेळी प्रत घेतली, तर नंतर लिहिणारा आधीच्याचा बदल पुसून टाकतो. साठा['एकूण'] += १ यातही हाच धोका आहे, कारण वाचणे आणि लिहिणे या सर्व्हरकडच्या दोन स्वतंत्र फेऱ्या ठरतात. वाचण्यापासून परत ठेवण्यापर्यंतचा सगळा भाग एकाच लॉकखाली हवा, आणि तो लॉक सर्व वर्करना समाईक हवा.

पायथन ३.६ पासून प्रॉक्सीत प्रॉक्सी ठेवता येते. साठा['पुणे'] = मॅनेजर.लिस्ट() असे केले की अपेंड थेट सर्व्हरवर पोचते. मात्र प्रत्येक पातळी अशीच बांधावी लागते. जेसनमधून वाचलेला डेटा जसाच्या तसा आत टाकला की आतल्या सगळ्या लिस्ट पुन्हा साध्याच. शिवाय प्रत्येक पातळीसाठी सर्व्हरकडे वेगळी फेरी होते, त्यामुळे खोल डेटावर वेग चांगलाच मंदावतो.

३.८ मधल्या शेअरेबललिस्टचा इथे उपयोग नाही. तिची लांबी बदलत नाही आणि तिच्यात लिस्ट किंवा डिक्शनरी मावत नाही.

डेटा खोल असेल तर तो शेअर न करणेच उत्तम. वर्करनी शहर आणि संख्या अशा जोड्या क्यूवर पाठवाव्यात आणि डिक्शनरी एकट्या मुख्य प्रोसेसने भरावी. मग तिच्यासाठी प्रॉक्सी लागत नाही, लॉकही लागत नाही.