संपादन-गाळणी आणि अंकपत्त्याचे गोपन

विकिपीडियाचा आरंभ २००१ साली झाला, तेव्हापासून खाते न उघडता लिहिणाऱ्याचा आयपी अंकपत्ता लेखाच्या इतिहासपानावर सर्वांसमक्ष नोंदला जाई. मार्च २००९ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर उपद्रवी संपादने अडविणारी गाळणी कार्यान्वित झाली. तिच्यातही गुप्त नियम होते. परंतु लपवावयाचा होता तो नियम, माणूस नव्हे. अंकपत्ता तर चव्हाट्यावरच होता!

२०२४ साली काही विकिपीडियांवर अशा लेखकांसाठी तात्पुरती खाती आपोआप निर्माण होऊ लागली आणि अंकपत्ता झाकला गेला. गाळणीस मात्र तो हवाच होता. खरी अडचण येथे उद्भवली. गाळणीचा नियम व तिची नोंदवही ताडून पाहिल्यास झाकलेला माणूस पुन्हा उघडा पडे. म्हणून अंकपत्त्याचे चल 'संरक्षित' ठरविण्यात आले. ते पाहण्याचा अधिकार मोजक्या सदस्यांस मिळाला आणि पाहणाराचीही नोंद होऊ लागली. असे चल एकदा वापरलेली गाळणी कायमचीच संरक्षित राहते. नियमाच्या जुन्या आवृत्त्या टिकून राहतात हे ध्यानी घेता ही कठोरता अनाठायी म्हणता येत नाही. तात्पुरत्या खात्याचा अंकपत्ता ९० दिवसांनंतर पुसला जातो. कुणी नियमात हाताने लिहून ठेवलेला अंकपत्ता मात्र आपोआप पुसला जात नाही.