चौऱ्याऐंशी अंक, एकटा लेखक

दर शनिवारी काहीतरी लिहायचंच, असं ठरवून मला आता दीड वर्ष झालं. सुरुवातीचा जोर ओसरला की पुढे काय होतं, ते ज्यांनी कधी जिम लावली आहे त्यांना सांगायला नको! विषय संपतात, रिलीज डोक्यावर असते आणि शुक्रवारी रात्री बायको विचारते, "उद्या काय लिहिणारेस?" की पोटात गोळा येतो. अशाच एका शनिवारी, लिहिणं टाळायचं म्हणून (दुसरं काय!) अप्पा बळवंत चौकात भटकत होतो आणि जुन्या पुस्तकांच्या ढिगात निबंधमालेचा एक जाडजूड खंड हाती लागला. शाळेत 'मराठी भाषेचे शिवाजी' ही एका मार्काची गाळलेली जागा मी भरली होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांशी माझा तेवढाच काय तो संबंध.

तर हा माणूस जन्मला १८५० मध्ये. जानेवारी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली तेव्हा वय वर्षं २३ आणि पेशा मास्तरकीचा. आपल्या टीममध्ये या वयाची मुलं ट्रेनिंग संपवून पहिल्या प्रोजेक्टची वाट बघत असतात. मासिक म्हटलं की आपल्याला संपादक, लेखकांचा ताफा, कथा, कविता, पाककृती असं सगळं आठवतं. इथे तसलं काही नाही. जवळजवळ सगळा मजकूर एकाच हातचा. असे सात वर्षांचे ८४ अंक! आणि विषय तरी कुठले? मराठी भाषेची स्थिती, इतिहास, भाषांतर, लेखनशुद्धी, वक्तृत्व, लोकभ्रम, गर्व, मोरोपंतांची कविता... मनाने घेतलं की लिहिलं. विषय अंकात मावला नाही तर पुढच्या अंकात चालू. शास्त्रीबुवांचे लाडके इंग्रज लेखक डॉ. जॉन्सन, त्यांच्यावरचा निबंध असाच लांबत गेला. वाचक कंटाळेल ही भीती या गृहस्थांना शिवलेलीच दिसत नाही.

मला पहिल्यांदा वाटलं, हा उपजत प्रतिभेचा मामला असणार, आपलं काम नोहे. पण तसं नाहीये. त्याआधी 'शालापत्रक' होतं. वडील कृष्णशास्त्री, म्हणजे अरबी भाषेतल्या सुरस गोष्टी मराठीत आणणारे, ते मासिक बघायचे. मुलगा १८६८ पासून त्यात हात बसवत होता. कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू, दंडी या पाच संस्कृत कवींवरचे त्याचे निबंध तिथलेच. म्हणजे मालेच्या पहिल्या अंकाआधी चांगली पाच-सहा वर्षांची तालीम झालेली होती. पण शालापत्रक पडलं शिक्षण खात्याचं. १८७५ मध्ये ते बंदही झालं. मालेवर साहेब नव्हता. नफा, तोटा, शिव्या, सगळं एकट्याचं.

आणि ती वाढली ती त्यामुळेच, असं माझं मत आहे. त्या काळी इंग्रजी शिकलेल्या पोराला मराठी म्हणजे घरी पत्र लिहायची भाषा वाटायची. शास्त्रीबुवांनी तिच्यात लांबलचक, वळणं घेणारी, टोमणे मारणारी वाक्यं लिहून दाखवली. वाचक शहाणा आहे असं धरून लिहिलं. पुढे रत्नागिरीला बदली झाली, तरी माला सोडली नाही. १८७९ मध्ये सोडली ती सरकारी नोकरी. (साइड प्रोजेक्टने नोकरी खाल्ल्याचं इतकं जुनं उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही.) ते कळल्यावर टिळक आणि आगरकर ही ताजी पदवीधर मंडळी त्यांच्याकडे गेली. १ जानेवारी १८८० ला न्यू इंग्लिश स्कूल, जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा', शिवाय आर्यभूषण छापखाना आणि चित्रशाळा. मालेतला शेवटचा मोठा निबंध 'आमच्या देशाची स्थिती' इतका जहाल होता की पुढे सरकारने त्यावर बंदी घातली.

इथवर वाचून मी खूश होतो. मग खंडातली दुसरी पानं उघडली.

साहेब नसला की थांबवणाराही कुणी नसतो. लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये शंभरावर पत्रं लिहून स्वकीयांना झोडपलं होतं, त्यांचा शास्त्रीबुवांनी सविस्तर समाचार घेतला. ते एक वेळ ठीक, दोघेही तालेवार. पण जोतीराव फुले? 'गुलामगिरी' १८७३ ची, सत्यशोधक समाजही त्याच वर्षीचा. मालेत फुल्यांच्या लिखाणाचा आणि समाजाच्या अहवालाचा परामर्श आहे तो त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची यथेच्छ टिंगल करणारा. शेतकऱ्याच्या पैशावर सरकार विद्या देतं ती वरच्या जातींना, हा फुल्यांचा मुद्दा मात्र राहतो तिथेच. खोटं कशाला बोलू, टिंगल वाचताना मला हसू आलं. लेखणीच तशी आहे. आणि हसू आलं तसं लगेच काहीतरी टोचलं.

कारण मागे एका शनिवारी मीही असला एक परिच्छेद लिहिला होता. ऑफिसातल्या एकाच्या इंग्रजी मेलबद्दल. नाव घेतलं नव्हतं, पण टीममध्ये सगळ्यांना कळलं. पोरगा तालुक्याच्या गावचा, मराठी माध्यमातला. मेलमध्ये काळ चुकला होता, स्पेलिंगं चुकली होती. मुद्दा मात्र बरोबर होता. माझ्या डिझाइनमध्ये दोन थ्रेड एकमेकांची वाट बघत अडकून बसतील, असं त्याचं म्हणणं होतं. पंधरा दिवसांनी ते तसे अडकले.

जॉन्सनचं एक बरं आहे. १७५० ते १७५२ या दोन वर्षांत दर मंगळवारी आणि शनिवारी त्याने 'रॅम्बलर'चे २०८ अंक काढले, तेही जवळजवळ एकट्याने. छापखान्याचा माणूस दारात उभा असताना घाईत खरडलेला हा मजकूर पुढे पुस्तकरूपात काढताना त्याने पुन्हा पुन्हा तपासला, भरपूर कापाकापी केली. चिपळूणकरांना तेवढी सवडच मिळाली नाही. १७ मार्च १८८२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. त्याच वर्षी कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात टिळक-आगरकरांवर बदनामीचा खटला चालला, तेव्हा जामीन द्यायला पुढे आले रामशेठ उरवणे. सत्यशोधक समाजाचे, फुल्यांचे सहकारी. पुढच्या वर्षी फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' लिहून झाला, त्याच रांगड्या बोलीत.

असो. रविवारी मी माझा तो जुना लेख उघडला. परिच्छेद खरंच छान जमला होता, त्याचंच जास्त वाईट वाटलं. काढून टाकला. सोमवारी त्याला खाली टपरीवर चहाला घेऊन गेलो आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून शेवटी विषय काढला. त्याला लेख आठवत होता. शब्दन् शब्द.