निळी चमक आणि अंधारी माळराने

अवकाशातून येणारे गॅमा किरण वातावरणातच शोषले जात असल्याने जमिनीवरच्या दुर्बिणीला ते स्वतः दिसत नाहीत. दिसते ती त्यांच्या अंताची खूण. अत्युच्च ऊर्जेचा असा किरण हवेच्या वरच्या थरांत इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी निर्माण करतो, त्या जोडीतून पुन्हा गॅमा किरण व त्यांतून पुन्हा जोड्या असा कणांचा वर्षाव सुरू होतो, आणि हे कण हवेतील प्रकाशापेक्षाही वेगाने धावत असल्यामुळे फिकट निळी चमक उमटते, जिला चेरेन्कोव्ह प्रारण म्हणतात. अशा वर्षावाचे गणित होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी 1937 मध्ये मांडले होते. चमक टिपल्याचे मात्र 1953 मध्ये इंग्लंडमधील हारवेलच्या गॅलब्रेथ व जेली यांनी जाहीर केले, आणि त्यांचे उपकरण म्हणजे कचऱ्याच्या पिंपात बसवलेला 25 सेंटिमीटरचा आरसा व अत्यल्प प्रकाशाचे विद्युत स्पंदात रूपांतर करणारी फोटोमल्टिप्लायर नळी, एवढेच होते.

इतक्या साध्या सामग्रीवर भागले, कारण ही चमक जमिनीवर शंभरेक मीटर त्रिज्येच्या वर्तुळात पसरते आणि त्यात आरसा कुठेही असला तरी चालतो; परंतु ती सेकंदाचे काही अब्जांश भागच टिकत असल्याने गडद अंधारावाचून हाती लागत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 1969 मध्ये उटीला हे काम आरंभले तेव्हा दुसऱ्या महायुद्धातील सर्चलाइटचे आरसे वापरले. प्रकाश फेकण्यासाठी घडवलेली वस्तू प्रकाश वेचण्याच्या कामी आली. 1986 मध्ये हे काम पचमढीला हलले आणि पुढे तेथे 25 दुर्बिणींची मांडणी उभी राहिली. चमक प्रत्येक दुर्बिणीपाशी केव्हा पोचते यावरून किरणाची दिशा काढण्याची ही पद्धत काटकसरीची खरी, पण वैश्विक किरणांमुळे पडणाऱ्या, कितीतरी अधिक संख्येच्या चमका वगळण्यात चमकेचे चित्र घेणारी पद्धत सरस ठरली. ॲरिझोनातील व्हिपल वेधशाळेच्या 10 मीटर दुर्बिणीने 1989 मध्ये क्रॅब तेजोमेघाचा निःसंदिग्ध वेध घेतला तो याच मार्गाने.

तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने हाच मार्ग आधी माउंट अबूला आणि मग लडाखमधील हानले येथे अनुसरला. सुमारे 4,270 मीटर उंचीवर वर्षाव जवळ असल्याने चमक दाट पडते आणि कमी ऊर्जेचे किरणही सापडतात. 4 ऑक्टोबर 2024 रोजी तेथे उद्घाटन झालेल्या 'मेस' या दुर्बिणीची तबकडी 21 मीटर व्यासाची असून कॅमेऱ्यात 1,088 फोटोमल्टिप्लायर नळ्या आहेत. एवढ्या मोठ्या सांगाड्यावर घुमट नाही, आणि उघड्या हवेत राहणारे तिचे आरसे काचेचे नसून ॲल्युमिनियमचे आहेत.