रसायन कोणाचं?

वडशाहून नागपूरला एम.एस्सी.ला निघालो तेव्हा छोट्या लाइनीची गाडी होती. नागभीडला उतरायचं, गाडी बदलायची. रसायनशास्त्र शिकायला निघालेला वस्तीतला मी पहिलाच. वस्तीला वाटलं, पोरगा काहीतरी नवं शिकून येणार. मलाही तसंच वाटलं. ते खोटं होतं. म्हणून हा इतिहास लिहितो आहे.

वस्तीच्या कडेला एक म्हातारे चांभार कातडं कमवायचे. आधी चुन्याचं पाणी, मग बाभळीची साल नि हिरडा. मी नाक दाबून विचारायचो, "आबाजी, चुना किती टाकाचा जी?"

"जास्त झाला का कातडं खाते बाबू. कमी झाला का केस नाई सोडत. हातानं पाहाचं."

पुढे पुस्तकात वाचलं : चुन्याने केसांच्या मुळाशी असलेलं प्रथिन सुटतं. सालीतलं टॅनिन कातड्यातल्या कोलॅजेनला बांधून ठेवतं, मग कातडं कुजत नाही. आबाजींना हे सगळं ठाऊक होतं, फक्त नावं ठाऊक नव्हती. मोहफुलाच्या भट्टीवर गार पाणी बदलणाऱ्या बाईलाही कंडेन्सर ठाऊक होता. आमच्या जुन्या चांदा जिल्ह्यात लोहारा, देऊळगावच्या दगडातून कोळशाच्या भट्टीत लोखंड काढत. कोळसा दगडातला ऑक्सिजन ओढून घेतो, लोखंड मोकळं होतं. हे करणाऱ्या हातांना कोणी रसायनशास्त्रज्ञ म्हटलं नाही.

का नाही म्हटलं? याचं उत्तर एका मोठ्या रसायनशास्त्रज्ञानेच देऊन ठेवलं आहे. कलकत्त्याचे आचार्य प्रफुल्लचंद्र राय. त्यांच्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९०२ ला निघाला, दुसरा १९०९ ला. त्यांचं म्हणणं असं : जातिव्यवस्था घट्ट झाली, कारागिरी खालच्या जातींवर टाकली गेली, बुद्धिवाल्यांनी हात झटकले. हात एकीकडे, डोकं दुसरीकडे. सुश्रुत प्रेत चिरून शिका म्हणतो, मनू प्रेताचा स्पर्शच विटाळ ठरवतो. मग प्रयोग करणार कोण? प्रयोगच मेला. मित्रहो, हे आम्ही रागाने केलेलं भाषण नाही. हे रायसाहेबांचं निदान आहे.

ज्या संस्कृतात रसशास्त्राचे ग्रंथ लिहिले गेले, ती भाषा शाळेत शिकायला बाबासाहेबांना मिळाली नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली. याच माणसाने १९४२ मध्ये व्हाइसरॉयकडे अस्पृश्यांच्या तक्रारींचं निवेदन दिलं. त्यात विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी पैसा मागितला. नुसत्या बी.ए.ने, वकिलीने भागणार नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. १९४४ पासून मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. नागपूर विद्यापीठ १९२३ चं. कामठीच्या लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून तिथे रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था १९४२ ला उभी राहिली. पण दार असणं वेगळं आणि आत शिरता येणं वेगळं. आमच्यासाठी ते दार त्या शिष्यवृत्तीने किलकिलं केलं.

तेवढ्या फटीतून मी आत गेलो. एम.एस्सी. झालो, एका विभागात पीएच.डी.ला लागलो. विभागाचं नाव सांगत नाही. सरांनी आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग पुन्हा आडनाव. बाकीच्यांना संयुगं करायला दिली, मला काचसामान धुवायला. धुतलं. पाण्यातले धातू पकडणारी रेझिनं करायचा माझा विषय होता. माझा सिनॉप्सिस टेबलाच्या खणात दीड वर्ष पडून राहिला. गाईडच्या सहीशिवाय शिष्यवृत्ती निघत नाही. तिकडे माय दुसऱ्याच्या बांधीत रोवणं रोवत होती. तिच्या रोजीवर मी किती दिवस फ्लास्क फिरवणार? परत आलो. मास्तर झालो.

लोक म्हणतात, आता दिवस बदलले. बदलले खरे. २००५-०६ पासून अनुसूचित जाती-जमातींच्या संशोधकांना राष्ट्रीय फेलोशिप आहे. २०११ ला गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीत आलं. मोठ्या लाइनीची गाडीही आली. पण २०१६ च्या जानेवारीत हैदराबादला रोहित वेमुला गेला, तेव्हा त्याची फेलोशिप महिनोन्महिने अडलेली होती. पूर्वी पोथी अडवत, आता सही अडवतात.

माझी एक विद्यार्थिनी आता पीएच.डी. करते आहे. तिला मी दोनच गोष्टी सांगितल्या. दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घे, तारखेसकट. आणि कोणी विचारलं, तुमच्यात हे रसायन कुठून आलं, तर आबाजींच्या चुन्याचं सांग.