मुळा-पवनेच्या पाणथळीतील बदकांची शिकार

मुळा, पवना आणि इंद्रायणी या नद्यांच्या खोऱ्यात, म्हणजे आजच्या पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात, उत्तर हिंदुस्थानातल्यासारखी विस्तीर्ण दलदल नव्हती. पावसाळा ओसरल्यावर उरणारे डोह, लव्हाळ्याने वेढलेले काठ आणि गावतळी यांवरच हिवाळ्यात तलवार बदके, थापट्या आणि चक्रांग उतरत. तोड्याच्या बंदुकीत, म्हणजे जळत्या वातीने दारू पेटवणाऱ्या बंदुकीत, चाप ओढणे आणि बार उडणे यांत क्षणभराचे अंतर पडत असल्याने उडत्या पक्ष्यावर नेम धरणे अवघड होते, आणि त्यामुळे आडोशाने सरकत जाऊन पाण्यावर बसलेल्या थव्यावर छर्रे झाडणे हाच तिचा स्वाभाविक उपयोग होता.

१८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर येथे इंग्रजांची छावणी वसली. दख्खनमधील पक्ष्यांची सूची १८३२ मध्ये प्रसिद्ध करणारे कर्नल विल्यम हेन्री साइक्स याच काळातले असून, त्या काळी पक्षी ओळखण्याचा मार्ग बंदुकीच्या नळीतूनच जात असे, हे पक्षिशास्त्राच्या इतिहासात विसरता येत नाही. पुढे मागून काडतूस भरण्याची दुनळी बंदूक आली आणि शिकारी उभा राहून उडत्या बदकावर बार टाकू लागला.

या उभ्या पवित्र्याची खरी परीक्षा चिखलात होते. उजव्या हाताचा नेमबाज डावा पाय पुढे टाकतो, गुडघा किंचित वाकवतो आणि भार पुढच्या पायावर घेतो. पक्षी बाजूला वळला की कोरड्या जमिनीवर पावले फिरवता येतात, पण रुतलेली पावले जागची हलत नाहीत, मग केवळ कंबर पिळली जाते, खांदा ढळतो आणि बार पक्ष्याच्या खाली किंवा मागे जातो. म्हणूनच थवा येण्यापूर्वी पायाखालचा चिखल तुडवून घट्ट करावा लागे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे बदक, छर्रे ३० मीटर अंतर कापतात तेवढ्या सुमारे दशांश सेकंदात, दीड मीटरहून अधिक पुढे सरकते. म्हणून नळी मागून आणून पक्ष्याच्या पुढे न्यावी आणि चाप ओढतानाही थांबवू नये, असे हे तंत्र सांगते. ते नीट न साधल्यास जायबंदी पक्षी लव्हाळ्यात नाहीसा होऊन तडफडत मरतो, आणि या क्रीडेचा सर्वांत क्रूर भाग हाच होता.

भरतपूरच्या केवलादेव तलावावर १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. मुळा-पवनेच्या तोकड्या डोहांवर असा संहार शक्य नव्हता, मात्र कायदा सर्वांना सारखाच लागू झाला: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बदकांना चौथ्या अनुसूचीत घालून त्यांची शिकार परवान्याच्या अधीन ठेवली, आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती वाटही बंद केली. तोवर १९५४ च्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून सुरू झालेली कारखानदारी पवनाकाठी पसरली होती आणि या नद्यांचे पाणी भीमेतून ज्या उजनी जलाशयात जाते, तेथे भिगवणजवळ हिवाळी बदकांचे मोठे थवे आज दुर्बिणीतून पाहिले जातात.